खिंडीतले वाटमारे इतके तयारीचे कसे झाले?

पत्र

सप्रेम नमस्कार. पाच खेळाडू आणि मी डीएम (खेळ चालवणारा सूत्रधार), असे आम्ही सहा जण पुण्यात दर दुसऱ्या रविवारी जमतो आणि ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या कथाखेळाच्या पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम वापरून एक दीर्घ कॅम्पेन (सलग कथानक) खेळतो. दोन वर्षांपूर्वी पहिल्या लेव्हलपासून सुरुवात केली, आता पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा चमू) सातव्या लेव्हलला आहे. अगदी पहिल्या सेशनमध्ये उत्तरेकडच्या खिंडीत वाटमाऱ्यांशी गाठ पडली होती. तेव्हा ते कातडी चिलखतातले, ११ हिट पॉइंटचे, म्हणजे थोड्याशा इजेने पडणारे, साधे लुटारू होते. मागच्या महिन्यात पार्टी त्याच खिंडीतून परतली. जुनेच लुटारू ठेवले असते तर एका फायरबॉलमध्ये (आगीच्या गोळ्याच्या मंत्रात) सगळे आटोपले असते, म्हणून मी त्यांच्या जागी चार ‘व्हेटरन’, म्हणजे कसलेले सैनिक, उभे केले. लढाई रंगली, पण ती संपल्यावर एका खेळाडूने विचारले, “हे लोक आजवर होते कुठे? आणि इतके तयारीचे असतील तर राजाच्या फौजेत का नाहीत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्याच लढाईत शेवटचा शत्रू फार लवकर पडतो आहे असे वाटून मी त्याचे हिट पॉइंट गुपचूप वाढवले होते, आणि तेही एकीच्या लक्षात आले असावे. शत्रू पार्टीबरोबर वाढवले तर जग खोटे वाटते. न वाढवले तर लढाईत राम उरत नाही. काय करावे?

— एक डीएम, पुणे

उत्तर

सप्रेम नमस्कार. तुमच्या खेळाडूचा प्रश्न तुम्हाला लागला आहे हे पत्रातून जाणवते, परंतु ती तक्रार नव्हती. ज्याला तुमच्या जगावर विश्वास बसलेला नाही तो असा प्रश्न विचारतच नाही. तो पडलेल्या शत्रूच्या खिशात किती मोहरा आहेत एवढेच विचारतो. खिंडीत माणसे आहेत, त्यांना भूतकाळ आहे, त्यांच्यापुढे दुसरे मार्गही होते, असे धरून चालणारा खेळाडू दोन वर्षांनंतर तुमच्या टेबलावर बसलेला आहे. म्हणून या उत्तरात लढाया कठीण कशा कराव्यात यापेक्षा, त्या प्रश्नाला दर वेळी खरे उत्तर कसे देता येईल याचा विचार अधिक केला आहे.

प्रथम हिशेब पाहू, कारण त्यात तुमची चूक नाही. एका व्हेटरनचे ७०० एक्सपी (अनुभवाचे गुण), चौघांचे २,८००, आणि शत्रू तीन ते सहा असतील तर ती बेरीज दुप्पट धरायची, म्हणजे ५,६००. सातव्या लेव्हलच्या पाच जणांसाठी ‘कठीण’ लढाईची मर्यादा ५,५००पासून सुरू होते. नियमपुस्तकातल्या कोष्टकाप्रमाणे तुम्ही अचूक माप घेतले. मात्र त्या कोष्टकाला एकच प्रश्न विचारता येतो: या पार्टीला किती धोका झेपेल? तिथे कोण आहे आणि ते तिथे का आहे, हा निराळा प्रश्न आहे, त्याचे उत्तर त्या कोष्टकात नाही, आणि तुम्ही दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्याच्याचकडून घेतले.

या खेळाचा आरंभ पाहिला तर ही सवय नंतर लागली असल्याचे दिसते. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पहिली आवृत्ती काढली, तेव्हा धोका जागेला चिकटलेला होता. तळघराचा पहिला मजला सौम्य, त्याखालचा अधिक भयंकर, आणि किती खाली उतरायचे हे खेळाडूंनी ठरवायचे. जंगलात ऑर्क हे राक्षसी लढवय्ये भेटले तर त्यांची संख्या ३० ते ३०० अशी दिलेली होती. समोरची पार्टी कोणत्या लेव्हलची आहे याची त्या आकड्याला काही पर्वा नव्हती. ‘चॅलेंज रेटिंग’ हे शत्रूच्या ताकदीचे माप २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने आणले. ते उपयोगी आहे, मीही ते दर आठवड्याला वापरतो. पण त्याबरोबर आधी पार्टीचे माप घ्यायचे आणि मग त्या मापाचा शत्रू शिवायचा, अशी रीतही रूढ झाली. या रीतीचा शेवट कुठे होतो हे २००६च्या ‘ऑब्लिव्हियन’ या संगणकीय खेळात अनेकांनी अनुभवले. तिथे खेळाडूची लेव्हल वाढली की रस्त्यावरचे लुटारूही काचेच्या आणि ‘डेड्रिक’ अशा त्या खेळातल्या अतिशय महागड्या चिलखतांत दिसू लागत. एका चिलखताच्या किमतीत ज्याला उरलेले आयुष्य आरामात काढता आले असते, तो माणूस रस्ता अडवून किरकोळ रकमेची खंडणी मागत असे. तुमच्या खिंडीत थोड्या प्रमाणात हेच घडले आहे.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा की कोणत्या जागी कोण राहते हे त्या जागेने ठरवावे, आणि पार्टीच्या लेव्हलने एवढेच ठरवावे की ती कोणत्या जागी जाण्याचे धाडस करील. हे तोंडी मान्य करणे सोपे असते, पण सेशनच्या आदल्या रात्री घाईत तयारी करताना ते पाळले जात नाही. त्यासाठी ते आधी लिहून ठेवावे लागते. तुमच्या नकाशावरच्या प्रत्येक भागापुढे, पार्टी तिकडे वळण्यापूर्वी, दोन ओळी लिहा: इथे सर्वांत बलवान कोण आहे, आणि त्याच्यापेक्षा बलवान कोणी इथे का येत नाही. दुसरी ओळ अधिक महत्त्वाची आहे. खिंडीत ११ हिट पॉइंटचे लुटारू टिकून आहेत याचा अर्थ, त्यांना हुसकावण्याइतकी शिबंदी जवळच्या ठाण्यात नाही, किंवा ठाणेदाराला त्यांच्याकडून हिस्सा मिळतो, किंवा खिंडीपलीकडे असे काही आहे की शहाणा माणूस तिकडे फिरकतच नाही. यांपैकी कोणतेही एक उत्तर निवडले की सातव्या लेव्हलच्या पार्टीसाठी काम आपोआप तयार होते, आणि ते काम लुटारूंशी लढण्याचे नसते.

अर्थात जागेने ठरवलेला धोका खेळाडूंना वाचता आला पाहिजे, नाहीतर तो केवळ अन्याय ठरतो. दलदलीपलीकडे तरुण नव्हे तर पूर्ण वाढलेला ड्रॅगन असेल तर ते कळण्याच्या किमान तीन संधी वाटेत असाव्यात. जळालेली गढी, निर्वासितांची रांग, आणि ज्या ट्रोलला हे पाच जण मोठ्या कष्टाने मारतील तसा एखादा अर्धवट खाल्लेला ट्रोल, असे काही पुरेसे आहे. तीन संधी देऊनही पार्टी पुढे गेली तर तो तिचा निर्णय, आणि मग तुम्ही ड्रॅगनला लहान करू नये.

आता तुमच्या दुसऱ्या अडचणीकडे वळतो, कारण ती खरी आहे: न वाढवलेले लुटारू कंटाळवाणे ठरतात. माझ्या मते ते कंटाळवाणे ठरतात, कारण आपण त्यांना मोकळ्या मैदानात, एका घोळक्यात, दिवसाढवळ्या उभे करतो. पाचव्या आवृत्तीची रचनाच अशी आहे की तिच्यातले आकडे लेव्हलबरोबर हळू वाढतात. पहिल्या लेव्हलला असलेला +२ प्रोफिशियन्सी बोनस (कौशल्यापोटी फाशात मिळवायचा आकडा) विसाव्या लेव्हलला जेमतेम +६ होतो. त्यामुळे कमकुवत शत्रूचाही वार पुष्कळदा लागतो. साध्या लुटारूच्या क्रॉसबोला +३ आहे, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर जे पडेल त्यात ३ मिळवायचे. तुमच्या विझार्डचा (मंत्र टाकणाऱ्या पात्राचा) एसी, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, मेज आर्मर हा मंत्र धरून १५ असेल तर १२ किंवा त्याहून जास्त पडले की बाण लागला, म्हणजे शंभरांत ४५ वेळा. बारा लुटारूंनी एकदम बाण सोडले तर पाच-सहा लागतील, आणि प्रत्येकी साडेपाचच्या हिशेबाने सुमारे ३० हिट पॉइंट जातील. सातव्या लेव्हलच्या विझार्डचे कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ असेल तर त्याचे एकूण हिट पॉइंट ४४ असतात. कोष्टकाला विचाराल तर बारा लुटारूंची ही लढाई ९०० एक्सपीची, म्हणजे ‘सोपी’ म्हणण्याइतकीही नाही. तिथली मर्यादाच १,७५० आहे. परंतु पहिल्याच फेरीत ज्याचे दोन-तृतीयांश हिट पॉइंट जातात त्या खेळाडूला ती सोपी वाटणार नाही.

फायरबॉलचे काय, असे तुम्ही विचाराल, आणि ते रास्त आहे. आठ फाशांची सरासरी २८; सेव्ह (बचावाचा फासा) साधला तरी १४, आणि लुटारूचे हिट पॉइंट ११. आडोशानेही तो वाचत नाही. त्याला वाचवू शकते ते फक्त अंतर. फायरबॉलचा व्यास ४० फुटांचा असतो, म्हणून ज्यांनी एकदा तो पाहिला आहे ते लोक खिंडीच्या दोन्ही अंगांना ५०-५० फूट सोडून बसतील, आणि मग एका फायरबॉलला एक माणूस, फार तर दोन, एवढाच हिशेब उरेल. तिसऱ्या लेव्हलचे ३ आणि चौथ्या लेव्हलचा १ एवढेच स्लॉट (मंत्र टाकण्याच्या संधी) ज्याच्याकडे आहेत त्या विझार्डला हा सौदा परवडत नाही. याशिवाय तलवार आणि बाण यांच्यापुरता आडोसा भरपूर कामाचा आहे. रचलेल्या दगडांमागे, केवळ जंगीएवढी फट ठेवून बसलेल्या माणसाला तीन-चतुर्थांश कव्हर मिळते, म्हणजे एसी ५ने वाढतो. लुटारूचा १२चा १७ झाला, आणि तुमच्या व्हेटरनचा एसीही १७च आहे. म्हणजे जो आकडा तुम्ही चिलखत बदलून मिळवलात तोच आकडा खिंडीतल्या दगडांनी दिला असता, आणि हे दगड आजवर होते कुठे असे कोणी विचारले नसते.

महाराष्ट्रातल्या डीएमला ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. १६६१ साली कारतलबखान मोठी फौज घेऊन सह्याद्री उतरू लागला, आणि उंबरखिंडीत त्याची पुढची व मागची वाट बंद झाली. शिवाजी महाराजांच्या माणसांकडे त्याच्या सैनिकांपेक्षा जाड चिलखते नव्हती. त्यांच्याकडे उंची होती, झाडी होती, आणि शत्रू कोणत्या वळणावर लांबट रांगेत विखुरलेला असेल याची पक्की माहिती होती. लढाईचा शेवटही लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो सर्वांच्या मरणाने झाला नाही. खानाने शरणागती पत्करली, जवळचे द्रव्य आणि सामान दिले, आणि त्याला जाऊ दिले गेले. परदेशातल्या खेळाडूंमध्ये याच विचाराचे एक उदाहरण अजून सांगितले जाते: १९८७ साली ‘ड्रॅगन’ मासिकाच्या एका संपादकीयात रॉजर मूर यांनी अशा कोबोल्डांची, म्हणजे एरवी अगदी दुबळ्या छोट्या राक्षसांची, हकिगत लिहिली, की ज्यांच्यापुढे वरच्या लेव्हलची पात्रे जीव मुठीत धरून पळत, कारण ते कोबोल्ड अरुंद बोगद्यांत, आग, धूर आणि भिंतीतल्या फटी वापरून लढत. त्यांचे हिट पॉइंट कोणी वाढवले नव्हते.

लढाया लवकर संपतात याचे आणखी एक कारण तुमच्या पत्रात दिसत नाही, पण बहुतेक टेबलांवर असते म्हणून विचारतो: खेळातल्या एका दिवसात तुमच्याकडे किती लढाया होतात? २०१४चे नियम असे धरून बांधले आहेत की पार्टी एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ झटापटी झेलील आणि मध्ये साधारण दोनदा छोटी विश्रांती घेईल. रविवारच्या चार तासांत आपण एक लढाई खेळतो, तिच्यात प्रत्येक जण आपले सगळे मोठे डाव ओततो, आणि शत्रू दुबळा ठरतो. यावर उपाय शत्रू वाढवण्याचा नाही. खेळातला एक दिवस दोन-तीन रविवारांवर पसरू द्या, आणि मोठी विश्रांती मिळवणे हाच एक प्रश्न होऊ द्या. आठ तास निवांत झोपता येईल अशी जागा खिंडीत कुठे आहे? शिंग फुंकणारा टेहळ्या निसटला असेल तर ती जागा सकाळपर्यंत सुरक्षित राहील का? असे दोन रविवार गेल्यावर तिसऱ्या झटापटीत तेच ११ हिट पॉइंटचे लुटारू निराळे दिसू लागतात.

आता असेही प्रसंग येतात की शत्रूने खरोखर वाढायला हवे. पार्टी दोन वर्षांत पहिल्या लेव्हलवरून सातव्या लेव्हलला आली असेल तर तिचे वैरी तिथल्या तिथे बसून राहतील हेही खरे वाटत नाही. तिथे माझा नियम असा आहे: शत्रूच्या प्रत्येक वाढीची कोणीतरी किंमत मोजलेली असावी, आणि ती किंमत खेळाडूंना शोधून काढता यावी. वाढ तीन वाटांनी येते. शत्रू शिकतो, शत्रू खर्च करतो, किंवा शत्रू कोणाचा तरी मिंधा होतो. शिकण्यासाठी आधीच्या लढाईतून कोणीतरी जिवंत परत जायला हवे. म्हणून प्रत्येक लढाईनंतर कोण निसटले आणि त्याने काय पाहिले याची नोंद ठेवा, आणि शत्रूला तेवढेच माहीत असू द्या. ज्या टोळीतला कोणीच वाचला नाही तिच्या भाऊबंदांना तुमच्या विझार्डचे मंत्र ठाऊक असणे ही डीएमने केलेली चहाडी आहे. खर्चाचा भाग तर आकड्यांतच आहे. कातडी चिलखताची किंमत १० सुवर्णमुद्रा आणि व्हेटरनच्या अंगावरच्या स्प्लिंट चिलखताची २००. चौघांचे मिळून ८०० झाले. त्याच नियमांत कुशल कारागिराची रोजची मजुरी २ सुवर्णमुद्रा आहे, म्हणजे एका कारागिराची ४०० दिवसांची कमाई त्या चौघांच्या अंगावर होती. वाटसरूंच्या पोतड्या लुटून हा पैसा जमत नाही, तेव्हा तो कोणीतरी दिला आहे. मिंधेपणाची वाट सर्वांत रसाळ असते. टोळीच्या म्होरक्याने पलीकडच्या दरीतल्या ओगर नावाच्या राक्षसाशी करार केला असेल तर ओगर रोज खातो, आणि टोळीतली माणसे रोज त्याच्याकडे घाबरून पाहतात. अशी टोळी अधिक बळकट असते आणि त्याच वेळी तिला फोडणे सोपे असते, आणि पार्टीने तलवार न उपसता तिला फोडले तर त्या विजयाला पुरते गुण द्यावेत.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की चार व्हेटरनांची ती लढाई आता वाया गेली. तसे मुळीच नाही. तुमच्या खेळाडूने दोन प्रश्न विचारले आणि दोन्हींची उत्तरे इतिहासात तयार आहेत. आजवर कुठे होते? युद्धावर. राजाच्या फौजेत का नाहीत? होते, राजाने पगार थांबवला. १३६० साली ब्रेतिन्यीच्या तहाने इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले युद्ध काही वर्षे थांबले, आणि दोन्ही बाजूंचे भाडोत्री सैनिक एकाएकी बिनकामाचे झाले. ते घरी गेले नाहीत. त्यांनी टोळ्या बांधल्या, गढ्या बळकावल्या, गावांकडून खंडणी घेतली, आणि १३६२ साली ब्रिन्ये येथे त्यांच्यावर पाठवलेल्या खुद्द फ्रान्सच्या राजाच्या फौजेचा त्यांनी पराभव केला. आपल्याकडे मराठी फौजांबरोबर बिनपगारी, लुटीवर जगणारे पेंढारी असत, आणि १८१७-१८मध्ये त्यांच्यावर इंग्रजांना मोठी मोहीम काढावी लागली, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. कसलेला, चिलखत घातलेला, शिस्त शिकलेला वाटमारा ही इतिहासातली सर्वसामान्य गोष्ट आहे. फक्त त्याच्यामागे एक संपलेले युद्ध आणि एक थकलेला पगार उभा असावा लागतो. तुमच्या जगाच्या कोणत्या सीमेवर युद्ध संपले ते ठरवा, आणि त्या सैनिकांच्या देण्याच्या वह्या कोणत्या खजिनदाराकडे आहेत तेही ठरवा. मग खिंडीतले ते चौघे या साखळीची पहिली कडी ठरतात, आणि जुने लुटारू कुठे गेले याचेही उत्तर मिळते: या नव्या लोकांनी त्यांना हुसकावले, आणि ते बिचारे खालच्या गावात कोणाच्या तरी गोठ्यात लपून आहेत.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण डीएम मंडळी ती सहसा स्वतःला करू देत नाहीत. सोपी लढाई अधूनमधून सोपीच राहू द्या. खेळाडूने दोन वर्षे घालवून जे बळ मिळवले ते त्याला कधी दिसणार? जुन्या शत्रूपुढे उभे राहिल्यावरच. माझ्या टेबलावर पहिल्याच सेशनमध्ये एका मुलीचे पात्र गॉब्लिनांच्या गुहेत मेले होते. दीड वर्षाने तिचे दुसरे पात्र, सहाव्या लेव्हलचे, पार्टीसह त्याच गुहेशी आले. मी गॉब्लिन बदलले नव्हते. सात हिट पॉइंट होते, सातच ठेवले. त्यांनी पार्टीला लांबून ओळखले, आणि एक म्हातारा गॉब्लिन हात वर करून बाहेर आला. त्याच्या हातात पहिल्या पात्राची गंजलेली तलवार होती. फासा एकदाही टाकावा लागला नाही, आणि त्या म्हाताऱ्याचे काय करायचे यावर पाच जण पाऊण तास बोलत राहिले. मी तिथे गॉब्लिनांना त्यांच्याहून बलवान हॉबगॉब्लिन करून टाकले असते तर एक बरी लढाई झाली असती, आणि ती आज कोणाला आठवली नसती.

यासाठी शत्रूला घाबरता आले पाहिजे. १९८१च्या बेसिक संचात प्रत्येक शत्रूला २ ते १२ असा मोरालचा (धीराचा) आकडा असे; गटातला पहिला पडला की, आणि पुन्हा निम्मे पडले की, दोन फासे टाकायचे, आणि बेरीज त्या आकड्यापेक्षा जास्त आली तर ते पळतात किंवा शरण येतात. हा नियम तुम्ही जसाच्या तसा आजच्या खेळात आणू शकता. लुटारूला ७ किंवा ८ द्या, पगार मिळणाऱ्या भाडोत्र्याला ९, धर्मवेड्याला १२. शेवटच्या शत्रूचे हिट पॉइंट संपेपर्यंत रखडणाऱ्या लढाया यामुळे बंद होतात, निसटलेली माणसे तयार होतात, आणि वर सांगितलेले शिकणे त्यांच्यापासूनच सुरू होते.

हिट पॉइंट गुपचूप वाढवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते करू नये. खेळाडूने टाकलेला फासा सर्वांसमोर पडलेला असतो; त्याचा परिणाम पडद्याआड बदलला तर तिने केलेला चांगला डाव तुम्ही तिच्या हातून काढून घेतलात, आणि एकदा शंका आली की त्यानंतरची प्रत्येक निसटती लढाई तिला संशयास्पद वाटते. तरीही तुम्हाला मोकळीक आहे, फक्त ती लढाईच्या आधी वापरायची. व्हेटरनचे ५८ हिट पॉइंट ही नऊ फासे अधिक १८ यांची सरासरी आहे. नियमांप्रमाणे ते २७पासून ९०पर्यंत कुठेही असू शकतात. म्होरक्याला ८० हवे असतील तर शनिवारी कागदावर ८० लिहा, आणि तो धिप्पाड आहे, अंगावर जुन्या जखमांचे व्रण आहेत, असे वर्णन पहिल्याच क्षणी करा. कागदावर लिहिल्यानंतर तो आकडा तुमचाही राहिला नाही असे समजा. म्होरक्या तरीही दुसऱ्या फेरीत पडला तर पडू द्या. ज्या खेळाडूच्या हे लक्षात आले असे तुम्हाला वाटते तिच्याशी एकदा बोला. काय केले आणि यापुढे करणार नाही, एवढे दोन वाक्यांत सांगितलेत तर पुरे.

पुढच्या एखाद्या कॅम्पेनला ‘पाथफाइंडर’ या अशाच दुसऱ्या खेळाची २०१९ची दुसरी आवृत्ती घ्यायचा विचार असेल तर एक सावधगिरी सांगतो. तिथे प्रोफिशियन्सीत पात्राची लेव्हलच मिळवली जाते, त्यामुळे चार लेव्हलनी खालचा शत्रू जवळजवळ निरुपद्रवी आणि चार लेव्हलनी वरचा जवळजवळ अजिंक्य होतो. वर केलेला बारा बाणांचा हिशेब तिथे चालत नाही. दगड आणि उंची तिथेही कामाची आहेत, पण जागेने ठरवलेला धोका खेळाडूंना आधी कळवण्याची जबाबदारी तिथे अधिक कडक होते.

पुढच्या रविवारसाठी वेगळी लढाई शोधू नका. पार्टीने त्या चौघांची स्प्लिंट चिलखते काढून घेतलेली असणारच, आणि कोणीतरी ती गावातल्या लोहाराकडे विकायला नेईल. लोहाराला ती आतून पाहू द्या. पट्ट्यांच्या मागे एकाच शस्त्रागाराचा शिक्का आहे, चारही चिलखतांवर, आणि क्रमांक ओळीने आहेत: ४१, ४२, ४३ आणि ४५. चव्वेचाळीस क्रमांक कोणाच्या अंगावर आहे, हे मात्र तुम्ही सेशनपूर्वी ठरवून कागदावर लिहून ठेवा.